बेळगावसाठी मागतो, ते जतला देतो का?

सीमाप्रश्नावर बोलताना मराठी माणसाचा आवाज चढतो, आणि त्यात गैर काही नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी लोकांनी भाषेपायी जे सोसलंय ते खोटं नाही. पण त्याच रेषेच्या अलीकडे, आपल्या बाजूला, सांगली जिल्ह्यात जतच्या पूर्वेला उमदी-संखचा भाग आहे, सोलापूर जिल्ह्यात अक्कलकोटकडे नागणसूर, मैंदर्गी, दुधनीचा पट्टा आहे. तिथे घराघरात कन्नड बोललं जातं. जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही तिथे आहेत. त्या शाळांचं काय चाललंय, असं पुण्या-मुंबईच्या वाचकाला विचारलं तर तो आधी हेच विचारेल की महाराष्ट्रात सरकारी कन्नड शाळा आहेत? आहेत, पिढ्यान् पिढ्या आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात कन्नड ही मातृभाषा सांगणारे लोक सुमारे दहा लाख होते.

माझं म्हणणं साधं आहे. सीमेपलीकडच्या मराठी मुलासाठी आपण शाळेत जे जे मागतो, ते सीमेअलीकडच्या कन्नड मुलाला आपण आधी द्यावं. कर्नाटकाने दिलं तर देऊ, अशी अट घालून नाही. ते आपल्या राज्याचं नागरिक असलेलं मूल आहे म्हणून. आणि देणं म्हणजे परिपत्रक काढणं धरू नये. परिपत्रकं भरपूर आहेत. त्या भाषेत शिकवू शकणारा शिक्षक वर्गात उभा करणं, याला मी देणं म्हणतो.

आता कायद्याचं थोडं. अल्पसंख्याक कोण, हे राज्य हा घटक धरून ठरवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने २००२ साली टी. एम. ए. पै प्रकरणात सांगितलं. त्यामुळे मराठी माणूस खानापुरात अल्पसंख्याक आणि चंदगडात बहुसंख्य. कन्नड माणूस उमदीत अल्पसंख्याक आणि तिथून थोडं पुढे चडचणला गेला की बहुसंख्य. भाषावार राज्यं करायची तर प्रत्येक राज्यात दुसऱ्या भाषेची माणसं उरणारच, हे रेषा आखणाऱ्यांना दिसत होतं. म्हणून १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०अ आणि ३५०ब ही दोन कलमं घातली. पहिलं म्हणतं की भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि राज्यातल्या प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने करावा. स्थानिक प्राधिकरण म्हणजे इथे सांगली आणि सोलापूर जिल्हा परिषद. घटनेने ही जबाबदारी थेट जिल्हा परिषदेच्या अंगावर टाकली आहे, हे जिल्हा परिषदेत किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे. दुसऱ्या कलमाने भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक आयुक्त आला. तो चौकशी करतो, अहवाल लिहितो, अहवाल संसदेपुढे जातो. शिफारशीपलीकडे त्याच्या हातात काही नाही.

त्याच्याही आधी, ऑगस्ट १९४९ मध्ये, प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एक हिशेब घालून दिला होता: एखाद्या भाषेची मुलं सगळ्या शाळेत मिळून ४० किंवा एका वर्गात १० असतील, तर त्या भाषेचा निदान एक शिक्षक द्यायचा. आजच्या धोरणांच्या जाडजूड कागदपत्रांपेक्षा मला हा हिशेब आवडतो, कारण त्यात शिक्षक मोजलाय. 'प्रोत्साहन', 'संवर्धन' असले शब्द मोजता येत नाहीत, त्यामुळे ते पाळले की मोडले हेही सांगता येत नाही.

मोडतं कुठे ते बघा. दरवर्षी पटसंख्येवरून संचमान्यता होते, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक हे ठरतं. जिथे पट घसरला तिथला शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याचं दुसरीकडे समायोजन करावं लागतं. यादीत कन्नड शाळेतली जागा रिकामी दिसते. मराठी माध्यमाचा अतिरिक्त शिक्षक तिथे पाठवला की दोन्ही रकाने जुळतात. शिक्षक रुजू होतो. पहिली-दुसरीच्या पोरांना त्याचं बोलणं कळत नाही, त्याला पोरांचं कळत नाही. गणित त्यातल्या त्यात निभतं, आकडे फळ्यावर काढता येतात. भाषेच्या तासाला वरच्या वर्गातला एखादा दोन्ही भाषा येणारा पोरगा बोलावून त्याच्याकरवी सांगायचं. शिक्षकही मनातून वैतागलेला असतो, त्याचा काय दोष? काही महिन्यांनी खटपट करून तो 'कामगिरीवर', म्हणजे तात्पुरत्या नेमणुकीवर, दुसऱ्या शाळेत जातो. पगार मात्र कन्नड शाळेच्या जागेवर निघत राहतो, म्हणजे जागा भरलेली. मग पट घसरतो, आणि घसरलेला पट पाहून पुढच्या संचमान्यतेत ती जागाच जाते. जतच्या कन्नड शाळांवर मराठी माध्यमाचे शिक्षक नेमल्याची ओरड २०२४ मध्ये झाली तेव्हा कर्नाटकातली वर्तमानपत्रं तिने भरली. आपल्याकडे ती आतल्या पानावरही जेमतेम आली.

या सगळ्यात कुणाच्या मनात कन्नडचा द्वेष असावा लागत नाही. म्हणूनच ते वर्षानुवर्षं चालतं. द्वेष असता तर मोर्चा निघाला असता, विधानसभेत प्रश्न आला असता. इथे फक्त एक तक्ता आहे आणि त्यात माध्यमाचा रकाना नीट पाहायला कुणी बसलेलं नाही.

खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या मराठी शाळांबद्दल बेळगावच्या मराठी वर्तमानपत्रांत हीच तक्रार छापून येते: कायम शिक्षक नाही, अतिथी शिक्षकावर भागवताहेत. आणि आणखी दक्षिणेला कासरगोडात जा. १९५६ ला हा भाग केरळात गेला. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने चंद्रगिरी नदीच्या उत्तरेचा कासरगोड कर्नाटकाला द्यावा असं म्हटलं होतं, ते केरळने मानलं नाही. तिथल्या कन्नड शाळांत कन्नड न येणारे मल्याळी शिक्षक नेमल्यावरून पालक आणि मुलं रस्त्यावर उतरली आहेत. म्हणजे कासरगोडात कन्नड माणूस जे मागतो तेच खानापुरात मराठी माणूस मागतो, आणि खानापूरच्या मराठी माणसाला ते द्यायचं ज्याच्या हातात आहे तो बंगळूरचा कन्नड अधिकारी कासरगोडच्या बातम्या वाचून हळहळतो. आपणही त्याच रांगेत आहोत, एवढंच मला दाखवायचं आहे.

पटसंख्येचा मुद्दा जरा उकलून सांगतो, कारण 'परवडत नाही' हे उत्तर तिथूनच येतं. समजा एका गावात मराठी शाळेत ४५ मुलं आहेत, कन्नड शाळेत ३५. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाने पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन. दोन शाळा वेगळ्या ठेवल्या तर चार शिक्षक लागतात, एकत्र केल्या तर तीन. म्हणजे त्या गावात घटनेचं कलम ३५०अ पाळण्याची किंमत एक पगार. पट आणखी खाली गेला की हिशेब कठीण होतो, हे मान्य. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले, कमी पटाच्या शाळांतली पदं जाणार म्हणून मराठी शाळांचेच शिक्षक रस्त्यावर आले. तिथे कन्नड शाळेला कोण विचारतो, असं कुणी म्हणेल. पण मराठी शाळा बंद झाली तर मुलाला शेजारच्या गावातली मराठी शाळा असते. कन्नड शाळा बंद झाली तर शेजारी बहुधा काही नसतं. दोघांना एकाच पट्टीने मोजणं वरकरणी समान दिसतं, आणि त्यात लहान भाषेचा दरवेळी बळी जातो.

यावर आपल्याकडचं पहिलं उत्तर ठरलेलं: महाराष्ट्रात राहता ना, मग मराठी शिका. बरोबर आहे. शिकलंच पाहिजे, आणि जतचा कन्नड पालक तुमच्या-माझ्याआधी हे सांगेल. पोराला तलाठ्याकडे, बँकेत, सांगलीच्या दवाखान्यात मराठी लागणार आहे हे त्याला कुणी शिकवायला नको. न्यायालयानेही हे मान्य केलंय. गुजराती भाषिक अल्पसंख्याकांच्या बाजूने मराठीच्या सक्तीविरुद्ध दाद मागितली गेली होती. उषा मेहता विरुद्ध महाराष्ट्र सरकार, २००४. सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला: राज्याची भाषा अल्पसंख्याकांच्या शाळेत शिकवायला लावली म्हणून त्यांचा हक्क हिरावला जात नाही. पुढे २०२० मध्ये महाराष्ट्राने सगळ्या शाळांत मराठी सक्तीचं करणारा कायदा केला, मोडणाऱ्याला १ लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. मी या कायद्याच्या बाजूचा आहे. फक्त एवढं ध्यानात असू द्यावं की कर्नाटकाचा २०१५ चा कन्नड भाषा शिकण्याचा कायदा याच घाटाचा आहे, आणि त्याच्यावर आपण 'कानडी सक्ती' म्हणून तुटून पडलो होतो. १९८० च्या दशकातली गोकाक अहवालाची चळवळ आणि तिला मराठी-उर्दू भाषिकांनी केलेला विरोध जुन्या लोकांना आठवत असेल. तेव्हाचा वाद वेगळा होता, माध्यमिक शाळेत कन्नड ही एकमेव प्रथम भाषा करायचा होता, आणि विरोध रास्त होता. पण राज्यभाषा दुसरी भाषा म्हणून शिकवणं आणि राज्यभाषा मातृभाषेच्या जागी बसवणं यात फरक करायचा तर तो दोन्हीकडे करावा लागेल. खानापुरात फरक दिसतो आणि जतमध्ये दिसत नाही, असं कसं चालेल?

कन्नड शाळेत मराठी शिकवण्यासाठी बालभारतीचं 'सुलभभारती' नावाचं वेगळं पुस्तक असतं, घरी मराठी नसलेल्या मुलांसाठी केलेलं. बालभारती आठ माध्यमांत पुस्तकं छापते, त्यात कन्नड आहे. चौथीचं शिवछत्रपतींचं पुस्तक उमदीचं पोरगं कन्नडमधून वाचतं, अफजलखान प्रतापगडाच्या पायथ्याशी कन्नडमध्ये येतो. कुणाला यात मराठी अस्मितेला धक्का वाटत असेल तर त्याने एकदा त्या वर्गात जाऊन बसावं. गड, मावळे, सगळं पाठ असतं. पुस्तकांच्या बाबतीत महाराष्ट्राचं काम खरोखर चांगलं आहे, आणि ते मोठ्या तोंडाने सांगावं. कर्नाटकही मराठी माध्यमाची पुस्तकं काढतं. पुस्तक छापणं सोपं, ते पुण्यात-बंगळूरात बसून होतं. शिक्षक मात्र उमदीत राहावा लागतो.

२०२५ मधला हिंदीचा वाद आठवा. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी सक्तीची केली. ओरड झाली. १७ जूनला सुधारित निर्णय आला: हिंदी 'सर्वसाधारणपणे', आणि वर्गातल्या २० मुलांनी दुसरी भारतीय भाषा मागितली तरच तिचा शिक्षक, नाहीतर ऑनलाइन. आपण सगळे हसलो, चिडलो. वीस मुलं येणार कुठून, ही पळवाट आहे, ऑनलाइन म्हणजे काहीच नाही, पहिलीच्या पोराला पडद्यावरून भाषा शिकवता येते का? सगळे आक्षेप बिनतोड होते. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन नरेंद्र जाधव यांची समिती नेमावी लागली. त्या दोन-अडीच महिन्यांत अख्ख्या महाराष्ट्राला एक गोष्ट नीट कळली होती: पर्याय कागदावर देऊन त्याला संख्येची अट लावली आणि शिक्षक दिला नाही, तर तो पर्याय नसतोच. ही गोष्ट कन्नड, तेलुगू, उर्दू शाळांच्या पालकांना फार आधीपासून माहीत होती. आपल्याला कळली, आपण जिंकलो, आणि विसरलोही.

दुसरं उत्तर जरा अवघड आहे, आणि ते मी टाळणार नाही. पालकच कन्नड शाळा सोडताहेत. जतमध्ये काही जण मराठी शाळेत घालतात, आणि ज्याला परवडतं तो इंग्रजीत. बेळगाव शहरातही मराठी शाळांचा पट एकट्या कर्नाटक सरकारमुळे घसरलेला नाही; सीमालढ्याच्या सभेला पुढच्या रांगेत बसणाऱ्यांची नातवंडं कॉन्व्हेंटात आहेत. मग हक्क कुणासाठी मागायचा?

न्यायालयाने याचं उत्तर एका बाजूने दिलं आहे. कर्नाटकाने १९९४ च्या आदेशाने पहिली ते चौथी शिक्षण मातृभाषेत किंवा कन्नडमध्येच, असं ठरवलं होतं. ६ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ते खासगी विनाअनुदानित शाळांपुरतं मोडून काढलं. मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील, आणि ३५०अ हे कलम सरकारला सोय करायला सांगतं, सक्ती करायला नाही, असा त्याचा मथितार्थ. त्याच दिवशी त्याच पीठाने प्रमती प्रकरणात अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्याबाहेर काढलं. दोन्ही निकाल तत्त्व म्हणून समजण्यासारखे आहेत. फायदा कुणाचा झाला ते मात्र बघण्यासारखं आहे. अल्पसंख्याक शाळा काढण्याचा कलम ३० चा हक्क ज्याच्याकडे संस्था काढायला पैसा आणि जागा आहे त्याच्या कामाचा. मुंबईत गुजराती, सिंधी, कन्नड, तमिळ मंडळींनी गेल्या शतकात आपापल्या भाषेसाठी उत्तम संस्था उभ्या केल्या. त्यातल्या कित्येक आता इंग्रजी माध्यमाच्या आहेत आणि भाषेचा उरलेला उपयोग म्हणजे अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र आणि प्रवेशाचा कोटा. जतच्या ऊसतोड मजुराला कलम ३० चा काहीही उपयोग नाही. त्याच्यासाठी फक्त ३५०अ आहे, म्हणजे जिल्हा परिषद.

म्हणून 'पालक सोडताहेत' हे अर्धच खरं. शिक्षक नसलेली शाळा सोडणं आणि भाषा सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगला कन्नड शिक्षक, चांगलं मराठी आणि बरं इंग्रजी देणारी जिल्हा परिषद शाळा समोर असताना पालक निघून गेले, तर मी म्हणेन की त्यांनी निवड केली, आता आपण गप्प बसावं. तशी शाळा समोर ठेवून पाहिलीच नाही, तोवर निवडीची भाषा करण्यात अर्थ नाही.

आणि आठवीचं काय? ३५०अ प्राथमिक टप्प्यापुरतं बोलतं. कन्नडमधून सातवी झालेल्या उमदीकडच्या मुलापुढे जवळपास कन्नड हायस्कूल असलं तर ठीक, नाहीतर एकदम मराठी हायस्कूल, नाहीतर सीमा ओलांडून शिकायला जायचं. विजयपूर उमदीहून सांगलीपेक्षा कितीतरी जवळ आहे. तिकडे दहावी केली की इकडच्या सरकारी नोकरीत मराठीच्या अटीवर अडतो आणि तिकडे रहिवासी दाखल्यावर. मुली तर बहुधा सातवीलाच थांबतात. खरं कमी कुठे पडतं तर इथे: मराठी दुसरी भाषा म्हणून पहिल्यापासून नीट शिकवली असती, तर आठवीत मराठी माध्यमात जाणं त्या मुलाला जमलं असतं. दुसरी भाषा शिकवणं हे वेगळं कसब आहे, त्यासाठी दोन्ही भाषा येणारा शिक्षक लागतो, आणि असे शिक्षक सीमाभागात घरोघर सापडतात. जतची, अक्कलकोटची माणसं बाजारात एका वाक्यात दोन भाषा बोलतात. त्यांना भरतीत प्राधान्य देण्याऐवजी आपण शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलच्या गुणवत्ता यादीतून राज्याच्या दुसऱ्या टोकाचा उमेदवार आणतो आणि तो पहिल्या दिवसापासून बदलीचा अर्ज लिहीत बसतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतच्या ४० गावांवर हक्क सांगितला, महाराष्ट्रातल्या कन्नड शाळांना अनुदान देऊ म्हणाले. त्या गावांनी कर्नाटकात जाण्याचा ठराव केला होता तो पाण्यासाठी, तोही जुना. मुंबईत धावपळ झाली, म्हैसाळच्या विस्तारित पाणी योजनेला गती आली. चांगलं झालं. पण लोक दुसऱ्या राज्याचं नाव घेतात तेव्हाच त्यांच्याकडे लक्ष द्यायचं, हा पायंडा धोक्याचा आहे. आणि त्या वेळी पाण्याची बैठक झाली तशी शाळांची झाली नाही. बोम्मईंनी जिथे बोट ठेवलं होतं त्या दोन गोष्टींपैकी एकच आपल्याला दिसली.

बोम्मई निदान होते. गोंडीसाठी कोण आहे?

आता जे लिहितोय ते विषयांतर वाटेल, पण माझ्या मते हाच विषयाचा गाभा आहे. कन्नड, गुजराती, तेलुगू यांच्यामागे एकेक राज्य आहे. तिथला मुख्यमंत्री पत्र लिहितो, वर्तमानपत्रं ओरडतात. गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेत देशभरात २९ लाखांच्या वर होते, पण ते मध्य प्रदेश, छत्तीसगड, महाराष्ट्र, तेलंगण असे विभागलेले, आणि प्रत्येक ठिकाणी अल्पसंख्य. आठव्या अनुसूचीत गोंडी नाही. मेळघाटातल्या कोरकूचं, नंदुरबारच्या भिली-पावरीचं तेच. कलम ३५०अ मध्ये अनुसूचीची अट कुठेही नाही; भाषिक अल्पसंख्याक गटातलं मूल, एवढंच म्हटलंय. म्हणजे गडचिरोलीतल्या गोंड मुलाचा हक्क जतच्या कन्नड मुलाइतकाच पक्का आहे.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली, 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल'. सरकारी पैसा नाही, गावाने चालवली. शिक्षण खात्याचं उत्तर काय आलं? शाळेला मान्यता नाही, ती बेकायदा आहे, बंद करा, नाहीतर दंड. शिक्षण हक्क कायद्याचं कलम दाखवून नोटीस. त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये शिक्षणाचं माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावं असं लिहिलंय, त्याची नोटीस कुणी कुणाला द्यायची? गैरसोयीच्या जागेवरच्या, मास्तर न येणाऱ्या शाळांना मान्यता असते. गावाने उभी केलेली, पोरांना कळेल अशा भाषेतली शाळा मात्र बेकायदा. खात्याला मान्यतेचे निकष पाळायचेच होते तर गावाला सहा महिने देऊन, एक केंद्रप्रमुख नेमून, निकष पूर्ण करून घेता आले असते.

करता येत नाही असं नाही. ओडिशाने दोन दशकांपूर्वी संताली, सौरा, कुई, कोया अशा दहा आदिवासी भाषांत पहिलीचे वर्ग सुरू केले, नंतर ती संख्या २१ वर नेली. त्या त्या भाषेची स्थानिक मुलं-मुली शिक्षक म्हणून घेतली, पहिली वर्षं मातृभाषेत, मग हळूहळू ओडिया आणि इंग्रजी. तिथेही सगळं सुरळीत नाही, शिक्षकांच्या मानधनापासून पुस्तकं वेळेवर न पोचण्यापर्यंत तक्रारी आहेत. पण सरकारने शिक्षक मोजून नेमले. महाराष्ट्रात कोरकूतली, गोंडीतली, पावरीतली चित्रपुस्तकं आणि शब्दकोश आले, अनेक उत्साही शिक्षकांनी स्वतःच्या हौसेने केले, आणि बहुतेक ठिकाणी त्या शिक्षकाची बदली झाली तेव्हा ते संपले.

मराठीचा अभिमान असलेल्या माणसाने यात पुढे का यावं, असं मला विचारलं जातं. दिल्लीपुढे आपण म्हणतो की मुलाची भाषा ही त्याची पहिली गरज आहे, ती संख्येच्या जोरावर चिरडू नका. बंगळूरपुढेही हेच म्हणतो. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी आपण आरोग्य योजना नेतो, प्रवेशात सवलती देतो, ते योग्यच. मग सर्वोच्च न्यायालयात, विधानसभेत, दिल्लीत हे बोलताना समोरच्या वकिलाने जतची संचमान्यता आणि मोहगावची नोटीस टेबलावर ठेवली, तर आपण काय सांगणार? सौदा म्हणून नव्हे असं मी वर म्हटलं, ते खरंच. पण सौदा म्हणूनही हे फायद्याचंच आहे, एवढं व्यवहारी माणसांच्या कानावर घालून ठेवतो.

सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. तेव्हा पहिलीत असलेल्या कित्येकांची पोरं आता पहिलीत आहेत. सांगली आणि सोलापूर जिल्हा परिषदांना त्या निकालासाठी थांबायचं कारण नाही. संचमान्यतेत कन्नड माध्यमाची पदं वेगळी मोजावीत. ती भाषा न येणाऱ्या शिक्षकाचं तिथे समायोजन करू नये, आणि झालं असेल तर ती जागा रिकामी म्हणूनच दाखवावी. दोन्ही भाषा येणाऱ्या स्थानिक डी.एड. उमेदवारांसाठी भरतीत वेगळी तरतूद सरकारकडे मागावी, आणि कन्नड शाळेतल्या मराठीच्या तासाला त्यातलाच एक जण द्यावा. हे शिक्षण समितीच्या एका बैठकीच्या विषयपत्रिकेत बसतं. ठराव करून मंत्रालयात पाठवायचा. जतचा कन्नड सदस्य तो मांडेलच, पण मिरज किंवा वाळव्याकडच्या एखाद्या मराठी सदस्याने सूचक म्हणून आपलं नाव लावलं, तर मुंबईत त्याचं वजन वेगळं पडेल.